आप्पांचं औषध

आमच्या घरी येणारा पाहुणा आधी शिंकायचा, मग रामराम करायचा. धानोऱ्यात हिवाळाभर अंगणात, ओट्यावर, गच्चीवर लाल मिरची वाळत पडलेली असायची, आणि आमच्या घरात ती माणसांपेक्षा जास्त जागा अडवायची. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. सकाळी माय ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायची, त्या थापण्याने आणि पाट्यावर ठेचा रगडल्याच्या आवाजाने मला जाग यायची. एकदा नंदुरबारची एक मैत्रीण जेवायला आली आणि ठेच्याचा पहिला घास घेऊन रडायलाच लागली. मी तिला काहीतरी टाकून बोलले असणार, असं समजून मायने मलाच झापलं. जेवणाने कुणी रडतं, हे तिच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. आता मी नाशकात राहते. चाळिशी कधीच मागे पडली, डॉक्टरांनी तिखट बंद केलंय, आणि जेवताना दर वेळी आपण दवाखान्यात बसलो आहोत असं वाटतं.

आप्पा म्हणजे माझे वडील, पंचक्रोशीत मिरचीचे डॉक्टर म्हणून ओळखले जात. मिरचीला बोकड्या नावाचा रोग पडतो. पानं आखडतात, गोळा होतात, झाड खुरटतं, आणि एका झाडावरून शेजारच्या झाडावर जात जात सगळं शेत बसतं. त्यावर आप्पांकडे औषध होतं. गोमूत्र, आंबट ताक, निंबाचा पाला, तंबाखू, हिंग आणि आणखी एक गुप्त वस्तू असं सगळं एका माठात घालून ते सात दिवस उकिरड्यात पुरून ठेवायचे. सातव्या दिवशी माठ उघडला की गल्लीतली कुत्रीसुद्धा दुसऱ्या गल्लीत जात. आजूबाजूच्या गावांतून माणसं बाटल्या घेऊन येत. आप्पा पैसे घेत नसत. ओट्यावर बसून ते फक्त एवढंच सांगत, "मन्हा आजानं औषध शे. शेवटनी वस्तू सांगता येत नही, गुण जास." आमच्या शेतात बोकड्या जवळजवळ नसायचाच, त्यामुळे औषधाबद्दल शंका घेण्याचा प्रश्न नव्हता. इतरांपैकी कुणाची मिरची वाचायची, कुणाची जायची. ज्याची जायची तो आपलंच काही चुकलं म्हणायचा.

मी नंदुरबारला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, त्या वर्षी सोनवणे सरांनी प्रकल्प दिला. विषय, आपल्या परिसरातील एक पारंपरिक ज्ञान. सर संदर्भांच्या बाबतीत फार कडक. लेखक, प्रकाशक, पृष्ठ क्रमांक यांतलं एक नसलं की ते वही मिटून परत द्यायचे. त्यांची अट अशी होती की एकच माहिती एकदा इंटरनेटवर शोधायची, एकदा ग्रंथालयात शोधायची, आणि शेवटी दोन्हींत अधिक भरवशाचं कोणतं यावर दोन पानं लिहायची. सगळ्यांत चांगल्या विषयासाठी ते स्वतः गावात येऊन पाहणी करणार होते. मी त्याच तासाला हात वर करून आप्पांचं औषध सांगून टाकलं, आणि सरांनी पाहणीसाठी तेच निवडलं. घरी आल्यावर आप्पांना सांगितलं, तर त्याच संध्याकाळी त्यांनी दाढी केली. सर यायला तीन आठवडे होते.

आधी नेट पाहायचं ठरवलं, कारण ते नवं होतं. नंदुरबारला बस स्टँडच्या मागे जिग्नेशभाईंचा सायबर कॅफे होता. प्लायवूडची चार खोपटी, प्रत्येकाला फुलाफुलांचा पडदा, आणि आत शिरताना चपला बाहेर काढायच्या. संगणकाला धूळ चालत नाही, असं ते सांगत. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या पडद्याआड बसले. मराठीत काही उघडलं की नुसते चौकोन यायचे, म्हणून जिग्नेशभाईंनी माझ्यासाठी इंग्रजीत टाइप केलं. तासाभरात मेक्सिकोची मिरची आली, मिरचीच्या सॉसच्या सात कृती आल्या, सगळ्यांत जास्त मिरच्या खाणाऱ्या एका माणसाचा घामाघूम फोटो आला, आणि शेवटी एक शोधनिबंध आला, त्याचं पहिलंच पान दिसलं. पुढचं वाचायला सभासद व्हावं लागणार होतं, आणि सभासद कसं व्हायचं ते जिग्नेशभाईंनाही माहीत नव्हतं. तरी त्यांनी सगळं छापून दिलं, घामाघूम माणसासकट. मी आप्पांच्या औषधाचं विचारलं तर ते खुर्चीला रेलून म्हणाले, "बेन, नेटमां नथी तो दुनियामां नथी." मला ते वाक्य फार आवडलं. माझ्या बापाला जे माहीत आहे ते दुनियेत कुठेच नाही, असा त्याचा अर्थ मी घेतला आणि बसमध्ये खिडकीशी बसून हवेतच घरी आले.

दुसरी बाजू म्हणजे आमच्या गावचं वाचनालय. ते खताच्या गोदामाच्या वर होतं, त्यामुळे तिथल्या कादंबऱ्यांनाही युरियाचा वास यायचा. शांताराम मास्तर शाळेतून निवृत्त होऊन तिथे बसत. जिना चढला की मास्तर शुद्ध मराठीत बोलायचे आणि जिना उतरला की अहिराणीत. पुस्तकं त्यांनी आपल्याच पद्धतीने लावली होती. एक कपाट बायकांचं, एक म्हाताऱ्यांचं, एक परीक्षेचं, आणि दोन मोठी कपाटं 'कुणी नेत नाही' अशी. तशी चिठ्ठीच चिकटवलेली होती. वाचकाने कपाटाला हात लावायचा नाही. "विषय सांग. पुस्तक मी देतो. निवडत बसायचं नाही," असं म्हणून ते उठायचे, आणि पुस्तक देण्याआधी त्यात काय आहे ते अर्धा तास सांगायचे, म्हणजे मग वाचायची गरजच उरत नसे. मी दहा दिवस रोज गेले. मास्तरांनी मला ऊस दिला, केळी दिली, कापसावरचं एक जाडजूड पुस्तक दिलं आणि एक संतचरित्रही दिलं, का ते अजून कळलेलं नाही. अकराव्या दिवशी 'कुणी नेत नाही' च्या खालच्या फळीवरून एक पिवळं, पुठ्ठा गेलेलं पुस्तक निघालं. भाजीपाला आणि मसाल्याची पिकं, त्यांचे रोग आणि उपाय. "हे एकदाच बाहेर गेलंय. जपून वाच," मास्तर म्हणाले.

शहाऐंशी नंबरच्या पानावर बोकड्या होता. तळाशी वाक्य होतं की या रोगावर शेतकऱ्यांमध्ये एक उपाय प्रचलित आहे, तो पुढीलप्रमाणे. आणि पुढचं पान एकोणनव्वद होतं. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचं एक पान शिवणीजवळून अगदी व्यवस्थित फाडलेलं होतं. एकोणनव्वदव्या पानाची सुरुवात अशी होती: साबणाच्या चुऱ्यासह असे मिश्रण फवारण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे; परंतु त्याने बोकड्या बरा होतो असे आढळलेले नाही. रोगट झाड दिसताच मुळासकट उपटून नष्ट करावे. मी साबण या शब्दावर अडकले. कारण आप्पा माठ भरताना शेवटी पाठ फिरवून काहीतरी किसायचे, आणि त्या आठवड्यात आमच्या घरचा कपड्यांचा साबण फार लवकर संपायचा. मग मी पुस्तकाच्या मागच्या खिशातलं कार्ड काढलं. त्यावर एकच सही होती. खाली लांबलचक रेघ ओढलेली ती सही मी माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर पाहिली होती.

हसू आलं की रडू, ते मला आता नक्की सांगता येत नाही. पुस्तक घेऊन मी घरी निघाले. सगळा तालुका ज्याला डॉक्टर म्हणतो त्याने वाचनालयाचं पान फाडलं, पणजोबाच्या नावावर खपवलं, आणि वर तो उपाय चालत नाही हे पुढच्याच पानावर लिहिलेलं होतं, ते पान त्याने वाचलंच नाही. पाहिजे तेवढं फाडून घेतलं आणि पुस्तक परत केलं. आप्पा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी पुस्तक त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

त्यांनी ते लगेच ओळखलं. "मास्तरनी देखं का?" एवढंच विचारलं. मी नाही म्हटल्यावर ते उठले, देव्हाऱ्यातल्या तसबिरीच्या मागून घडी घातलेला एक पिवळा कागद घेऊन आले आणि माझ्या हातात दिला. "तवा मी नवा नवा शेती करे. बोकड्यानी सम्दी मिरची खाई टाकेल व्हती. उतारी लेवाले जवळ कागद नव्हता, फाडी लिधं. मंग लोके इचारेत, औषध कोठून उनं. फाडं म्हनू कसं? आजानं नाव सांगी दिधं." मी एकोणनव्वदवं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. आप्पांनी चष्मा लावला, ओठ हलवत ते सावकाश वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि चष्मा काढून बराच वेळ धोतराच्या सोग्याने पुसत बसले. मग म्हणाले, "रत्ना, हाई पान लिखू नको. गाव हासी माले." माझ्या बापाने तोवर माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. साधं प्यायचं पाणीसुद्धा ते स्वतः उठून घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेतात गेले नाहीत. मी मागच्या दारी तोंड धुवायला गेले तर माय शेतातून परतलेली होती, आणि कडेवर पोर घ्यावं तशी मिरचीची उपटलेली दहा-पंधरा झाडं घेऊन अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घालत होती. सगळ्यांची पानं आखडलेली. मी पाहातच राहिले. तिला चोरून काही करताना पकडल्यासारखं झालं असावं, कारण तिने आधी दार लोटून घेतलं आणि मग बोलली.

"रोगट झाड दिखनं का मी उपाडी लेस. तुन्हा बाप मांगेथीन औषध लई येस, तवा सम्दा झाडं चांगलाच ऱ्हातस."

मी विचारलं, हे कधीपासून. "लगीन व्हईसन आठे उनू तवापाईन. खापरले मन्हा बाप बी तसंच करे." खापर हे तिचं माहेर.

पण हे तिला कुणी शिकवलं, असं मी विचारलं, तेव्हा ती माझ्याकडे कीव आल्यासारखी पाहायला लागली. "शिकाडाले काय शे त्यामा? खरूज लागेल कुत्राले कोनी गोठामा बांधस का?" मग चुलीत फुंकर घालत म्हणाली, "त्यास्नं नाव ऱ्हास, मन्ही मिरची वाचस. दोन्हीस्नं भागस. तू कोनले सांगू नको."

म्हणजे आता मला घरातल्या दोन माणसांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी लिहू नको म्हणून सांगितलं होतं, आणि त्या दोन्ही काढल्या तर प्रकल्पात घामाघूम माणसाचा फोटो तेवढा उरत होता. मी दोन वह्या लिहिल्या. एकीत आप्पांचं औषध, पणजोबा आणि परंपरा. दुसरीत फाडलेलं पान, एकोणनव्वदवं पान आणि माय. पहिली वही दिली तर माझ्या नावाने खोटं नोंदलं जाणार होतं आणि आणखी माणसं तो माठ पुरणार होती. दुसरी दिली तर बापाची अब्रू जाणार होती. सर गुरुवारी यायचे होते आणि बुधवारपर्यंत दोन्ही वह्या माझ्या उशीखाली होत्या. मला दोघांचा राग येत होता, आणि सगळ्यांत जास्त त्या तासाला हात वर करणाऱ्या माझा.

गुरुवारी सोनवणे सर आणखी एका सरांना घेऊन स्कूटरवर आले. अर्धं गाव आमच्या शेतात जमलं होतं, शांताराम मास्तरही टोपी घालून आले होते. माय बांधावर पाण्याची कळशी घेऊन उभी होती. आप्पांनी माठ उघडला, दुसरे सर चार पावलं मागे सरकले, सोनवणे सर मात्र नाकाला रुमाल लावून लिहीत राहिले आणि म्हणाले, "पाहा, हे आपल्या पूर्वजांचं विज्ञान." आप्पा माठाकडे पाहात उभे. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळत होते, कारण दोन्ही वह्या माझ्या पिशवीत होत्या. तेवढ्यात मागून कौतिकभाऊ पुढे आला. शेजारच्या गावचा साधा शेतकरी, दर वर्षी बाटली घेऊन येणारा. "सर, औषधमा काही दोष नही," तो हात जोडून म्हणाला. "मी बी फवारं. मन्ही सम्दी मिरची गयी. मन्हा हातलेच गुण नही. पुढला सालले मी मिरची लावत नही."

आप्पांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माठावर झाकण ठेवलं. "कौतिक, तुन्हा हातले काही व्हयेल नही," ते म्हणाले. "औषधच काम करत नही." मग त्यांनी खिशातून तो पिवळा कागद काढला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की हे पान वाचनालयाच्या पुस्तकातून मी फाडलंय, आजाचं बिजाचं काही नाही, आणि या उपायाचा काही उपयोग नाही असं त्याच पुस्तकात पुढे लिहिलंय. कुणी हसलं नाही. कौतिकभाऊने हळूच विचारलं, "मंग आप्पा, तुमनी मिरची कशी वाचस?"

आप्पांनी बांधाकडे पाहिलं. "तिले इचार. ती रोगट झाड उपाडी टाकस. तिले वाटस माले माहीत नही. दर सालले ओळीमा खाली जागा माले दिखेत. पन इचारं असतं ते औषध गयं असतं."

मायने कळशी खाली ठेवली आणि डोक्यावरचा पदर इतका पुढे ओढला की तिचं तोंडच दिसेना. पहिला आवाज आला तो शांताराम मास्तरांचा. वाचनालयाचं पान म्हटल्यावर ते शेतात उभे असूनही शुद्ध मराठीत बोलायला लागले. "नियम सातवा. पुस्तकाची हानी करणाऱ्याचं सभासदत्व एक वर्ष रद्द." त्यांनी पान काढून घेतलं आणि त्याच संध्याकाळी कणकेच्या खळीने जागच्या जागी चिकटवलं. आप्पांनी त्या वाचनालयाची पायरी वीस वर्षांत चढलेली नव्हती, पण सभासदत्व रद्द झाल्याचं त्यांना फार लागलं. ते वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तेवढंच सांगत.

माय आप्पांशी दोन दिवस बोलली नाही. चारचौघांत सांगायची काय गरज होती, एवढं एकच वाक्य ती भाकरी थापता थापता तव्याला ऐकवायची. गाव आठ दिवस हसलं. मग माणसं पुन्हा यायला लागली, आता बाटलीऐवजी मिरचीची फांदी हातात घेऊन, आणि ओट्यावरून सरळ चुलीकडे. माय मान न वळवता म्हणायची, "उपाडी टाक." ओट्यावरून आप्पा आवाज द्यायचे, "मुळसकट." तेवढंच त्यांच्याकडे उरलं होतं, पण ते त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. त्या काळात मला माझे आई-बाप जितके आवडले तितके आधी कधी आवडले नव्हते.

परवा माझ्या मुलाने फोनवर एक चित्रफीत दाखवली. नवाकोरा फेटा बांधलेला एक माणूस बोकड्यावरचा हजार वर्षांपूर्वीचा उपाय सांगत होता आणि शेवटी कपड्यांचा साबण किसत होता. लाखो लोकांनी पाहिलेली. मी म्हटलं, याचं एकोणनव्वदवं पान काढ. त्याने बराच वेळ शोधलं आणि नाही म्हणून सांगितलं. ते पिवळं पुस्तक अजून धानोऱ्यातच आहे, गेल्या खेपेला मी पाहून आले. कार्डावर अजूनही दोनच सह्या आहेत, आप्पांची आणि माझी.

मी अर्थातच दुसरी वही दिली होती. अधिक भरवशाचं कोणतं, या प्रश्नाला मी लिहिलं होतं की नेटवर हवं ते सोडून सगळं मिळतं, आणि वाचनालयात हवं ते मिळतं पण पुढचं पानही वाचावं लागतं. सरांनी त्याखाली बरोबरची खूण केली. शेवटी मी तीन संदर्भ दिले होते. पहिला त्या अर्धवट शोधनिबंधाचा, दुसरा पिवळ्या पुस्तकाचा. तिसरा होता इंदूबाई, मुक्काम पोस्ट धानोरा, म्हणजे माझी माय. तो सरांनी तांबड्या शाईने खोडला होता आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, "प्रकाशित नाही. पृष्ठ क्रमांक नाही. हीच माहिती पुस्तकात असल्याने संदर्भ ग्राह्य नाही." मी सरांच्या खोलीत जाऊन भांडले. म्हटलं, सर, पुस्तकातलं ते पान आमच्या गावात कुणीच वाचलेलं नव्हतं, मिरची तर दर वर्षी वाचत होती. सरांना ते पटलं होतं, मला त्यांच्या तोंडावर दिसलं. पण नियम म्हणजे नियम, असं म्हणून त्यांनी वही माझ्याकडे सरकवली.

माय जाऊन आता चार वर्षं झाली. सर निवृत्त होऊन नंदुरबारलाच असतात, पत्ता मी मिळवला आहे. हे सगळं मी ज्या पुस्तकात लिहिते आहे ते छापून झालं की पहिली प्रत त्यांना पोस्टाने पाठवणार आहे. सोबत माझी ती जुनी वहीही पाठवीन. लेखक आणि प्रकाशक मुखपृष्ठावर असतीलच. मायचा पृष्ठ क्रमांक तेवढा छापखान्याकडून कळायचा बाकी आहे.